स्तनातले इम्प्लांट काढायचं ऑपरेशन: आधी, नंतर आणि घरी आल्यावर

भुसावळकरीण

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय चारचौघांत बोलायचा नाही, म्हणून इथे.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा, लग्नाआधी, सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. का बसवले यावर चर्चा नको. निर्णय माझा होता आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. आता दहा-अकरा वर्षं होत आली. गेल्या वर्षभरात डावी बाजू कडक होत गेली, कुशीवर वळलं की दुखते आणि उजवीपेक्षा वर सरकलेली दिसते. सोनोग्राफीत फुटल्याचा संशय आला, एमआरआयने तो पक्का केला. नवे बसवायचे नाहीत, दोन्ही काढायचे, हे ठरलंय. नाशिकला प्लास्टिक सर्जनकडे पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय.

डॉक्टरांनी समजावलं सगळं, पण त्यांच्यासमोर बसलं की निम्मे प्रश्न आठवतच नाहीत. काढायचं म्हणजे नुसतं उघडून बाहेर घ्यायचं का? नळ्या किती दिवस राहतात? नंतर दिसतं कसं, खरं सांगा. आणि घरचं काय? एकत्र कुटुंब आहे. नवऱ्याला सगळं माहीत आहे, सासूबाईंना काहीच नाही. 'छातीचं ऑपरेशन' म्हटलं की संध्याकाळपर्यंत गल्लीत कॅन्सर झालेला असेल.

ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा, प्लीज.

भरीत_पार्टी

अनुभव नाही, पण वाचतेय. शुभेच्छा ताई.

ओटी_सिस्टर

मी जळगावला ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. आमच्याकडे हे ऑपरेशन नेहमीचं नाही, पण प्लास्टिकच्या केसेसना बरीच वर्षं उभी राहिलेय.

शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा तयार करतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. तो सगळ्यांनाच होतो, आजार नव्हे. काहींचा मात्र आवळत जातो, जाड होतो, म्हणून छाती कडक लागते आणि दुखते. डॉक्टरांच्या कागदावर 'बेकर ग्रेड 3' किंवा '4' असं लिहिलेलं असेल बघ. 1 म्हणजे मऊ, 4 म्हणजे कडक, दिसायला वेडावाकडा आणि दुखणारा.

तेव्हा इम्प्लांट बाहेर घेणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम त्या पापुद्र्याचं. पातळ आणि स्वच्छ असेल तर कधी कधी तो आतच राहू देतात. जाड झालेला असेल किंवा सिलिकॉन फुटलेलं असेल तर काढतात. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर पापुद्र्याची मागची बाजू थेट बरगड्यांना चिकटलेली असते. ती ओढून काढताना फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो, क्वचितच होते पण होते. म्हणून सर्जन तिथला थोडा भाग मुद्दाम ठेवू शकतात. 'सगळं काढलं नाही' म्हणून नंतर रागावू नकोस, आधीच विचारून घे की तुझ्या बाबतीत काय ठरवलंय आणि आत काही वेगळं दिसलं तर काय करणार.

पूर्ण भूल असते. चिरा बहुतेक वेळा स्तनाच्या खालच्या घडीत, जुन्या व्रणातूनच. दोन्ही बाजू धरून साधारण दीड ते तीन तास. सोबत लिफ्ट (ओघळलेला स्तन वर उचलून बांधणं) करायची असेल तर आणखी वेळ. इम्प्लांट निघालं की आत पोकळी राहते, तिथे पाणी साठू नये म्हणून दोन्हीकडे एकेक नळी. नळीच्या डबीत जमलेलं पाणी रोज मोजून लिहायचं. ते दिवसाला पंचवीस-तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. कुणाची तीन-चार दिवसांत निघते, कुणाची दोन आठवडे राहते.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडच्या बायका सांगत नाहीत. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट ओढता का?' आपण म्हणतो, 'छे!' पण मशेरी लावता का हे कोणी विचारत नाही. मशेरीतही तंबाखूच असतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात, जखम भरत नाही, कडेची कातडी काळी पडू शकते. लावत असशील तर डॉक्टरांना सांग आणि निदान महिनाभर आधीपासून बंद कर. तसंच अ‍ॅस्पिरिन, ब्रूफेनसारख्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, वैद्यांचे काढे, जे काही चालू असेल ते भूलतज्ज्ञांच्या कानावर घाल. काय कधी बंद करायचं ते तेच सांगतील, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

(प्रतिसाद काढला आहे)

प्रशासन

धागाकर्तीने 'का बसवले यावर चर्चा नको' असं स्पष्ट लिहिलंय. उपदेशाचे प्रतिसाद उडवले जातील.

क्ष_किरण

मी धुळ्यात रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे माझ्या खिडकीतून लिहितो.

सलाइनचं इम्प्लांट फुटलं तर छाती लगेच बसते, बाईला कळतं. सिलिकॉनचं फुटलं तर बऱ्याचदा काहीच कळत नाही, कारण जेल पापुद्र्याच्या आतच थांबतं. एमआरआयमध्ये फुटलेलं आवरण जेलमध्ये दुमडून तरंगताना शेवयांसारखं दिसतं, ती खूण पक्की मानतात. जेल पापुद्र्याच्या बाहेर गेलं असेल तर काखेतल्या गाठींतही सापडू शकतं. रिपोर्टमध्ये 'इंट्राकॅप्सुलर' (जेल पापुद्र्याच्या आत) लिहिलंय की 'एक्स्ट्राकॅप्सुलर' (बाहेर) ते बघा. दुसरं असेल तर ऑपरेशन जास्त किचकट होतं. अमेरिकेची औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था एफडीए म्हणते की सिलिकॉन इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे बसवून घेणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही, मग बाई दुखायला लागल्यावरच आमच्याकडे येते.

ताई, तुमचं इम्प्लांट कार्ड सापडतंय का बघा. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे असतं. पृष्ठभागाला महत्त्व आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मिळ लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) होऊ शकतो, बीआयए-एएलसीएल नावाचा. एफडीएने 2011 मध्ये पहिल्यांदा असा संबंध असू शकतो असं सांगितलं आणि 2019 च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. हा स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नव्हे. तो पापुद्र्यात किंवा भोवतीच्या पाण्यात सुरू होतो. बहुतेक वेळा बसवून बरीच वर्षं झाल्यावर एक बाजू अचानक पाण्याने फुगते, ही त्याची खूण.

भुसावळकरीण

सिस्टर, मशेरी नाही हो माझी, पण आमच्या घरात दोघींची आहे, त्यामुळे वाचून हसूही आलं आणि धसकाही बसला.

क्ष_किरण सर, आईकडच्या लोखंडी कपाटातून फाइल मागवली. कार्ड सापडलं. खरखरीत आहेत. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आता रात्री झोप लागेना. फुगलेलं वगैरे काही नाही, नुसतं कडक आहे.

क्ष_किरण

नुसतं कडक होणं म्हणजे तो आजार नव्हे. कॅप्सूल आवळण्याचं प्रमाण त्या आजारापेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी निव्वळ खरखरीत आहेत म्हणून काढून घ्या, असं एफडीएही सांगत नाही. तुमचे तर तसेही निघणारच आहेत.

एमआरआयमध्ये भोवती पाणी दिसलंय का, एवढं वाचून सांगा. असेल तर ऑपरेशनआधी सुईने काढून सीडी30 नावाच्या, तो लिम्फोमा ओळखायच्या तपासणीला पाठवायला हवं. नसेल तर सर्जनना दोन गोष्टी सांगून ठेवा: काढलेली कॅप्सूल हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) जाऊ द्या, आणि आत अनपेक्षित पाणी किंवा गाठ दिसली तर तीही. बिल कमी करायला म्हणून ही तपासणी गाळू नका.

भुसावळकरीण

पाणी नाही. 'पेरी-इम्प्लांट कलेक्शन नाही' असं लिहिलंय. जेवले आज नीट.

नंदुरबारी

माझे दोन वर्षांपूर्वी सुरतला काढले. आमच्याकडून नाशिकपेक्षा सुरत जवळ, शिवाय कोणी ओळखीचं भेटत नाही, हा मोठा फायदा!

माझे फुटले नव्हते, कडकही नव्हते. पण सांधे दुखायचे, केस गळायचे, दुपारी तीन वाजता डोकं बंद पडायचं. इंटरनेटवर 'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' वाचलं आणि वाटलं, हेच. काढल्यावर थकवा खरंच कमी झाला, सांधे बरेच मोकळे झाले. केस मात्र होते तसेच गळतात. म्हणून सांगते, अपेक्षा ठेव, पण सगळं जादूने जाईल असं धरू नकोस.

आणि 'आँ ब्लॉक'च करून घे. म्हणजे इम्प्लांट आणि कॅप्सूल एकसंध, न फाडता. ग्रुपवर सगळ्या तेच सांगतात. विष आत सांडत नाही.

क्ष_किरण

ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. बऱ्याच बायकांना काढल्यावर बरं वाटतं हे अभ्यासांतही दिसलंय. पण या आजारासाठी अशी एक तपासणी नाही आणि कोणाला बरं वाटेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12, डी, संधिवाताच्या तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन 8 असलेल्या बाईने थकव्याचं खापर इम्प्लांटवर फोडलं तर काढूनही ती थकलेलीच राहणार.

'आँ ब्लॉक' ही कॅन्सरची शस्त्रक्रिया आहे. एएलसीएल झाला असेल तर तीच हवी. बाकीच्यांना तिचा आग्रह धरला तर चिरा मोठा होतो, रक्तस्राव वाढतो, बरगड्यांकडचा धोका वाढतो. लक्षणं असलेल्या बायकांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात कॅप्सूल एकसंध काढली, तुकड्यांत पूर्ण काढली किंवा अर्धीच काढली, तिन्ही गटांत लक्षणं सारखीच कमी झाली.

नंदुरबारी

माझ्या सर्जननी केलं एकसंध आणि मला समाधान आहे. अभ्यास तुमच्याकडे, अंग माझ्याकडे!

ओटी_सिस्टर

भांडू नका हो. फुटलेल्या केसमध्ये कॅप्सूल काढायचीच असते, त्यामुळे भुसावळकरीणला हा प्रश्नच नाही. आणि 'एकसंध निघेलच' अशी खात्री ऑपरेशनआधी जो देतो त्याच्यापासून जरा जपून.

अमळनेरची_अक्का

काय व माय, इतली काय घाबरस? मी साठीला टेकलेय. कॅन्सरमध्ये उजवा स्तन काढला, मग मुंबईला इम्प्लांट बसवून दिलं, मग रेडिएशन. रेडिएशन झालेल्या जागी कॅप्सूल आवळायचं प्रमाण जास्त असतं हे नंतर कळलं. माझी दगडासारखी झाली. शेवटी काढून टाकलं आणि पुन्हा काही बसवलं नाही. सपाट आहे. ब्लाउजच्या आत कापडी पॅड घालते, लग्नकार्याला घालते, घरी तेही नाही.

दिसतं कसं विचारलंस ना? माझं वेगळं, तुझं स्वतःचं अंग शिल्लक आहे. माझ्या सुनेच्या मैत्रिणीचे काढले तेव्हा मी होते सोबत. पहिल्या आठवड्यात पट्टी सोडली की आत गेलेलं, सुरकुतलेलं, रिकामं दिसतं. त्या दिवशी आरशात बघून काहीही ठरवायचं नाही. दोन-तीन महिन्यांत अंग बरंच भरून येतं, व्रण फिका पडायला वर्ष लागतं. मोठ्या मापाचे होते, वय जास्त, कातडी सैल, तर ओघळलेलं राहतं. लिफ्ट त्याच वेळी करायची की सहा महिने थांबून, हे डॉक्टरांशी बोल. थांबलं तर कधी कधी लिफ्टची गरजच उरत नाही. स्वतःच्याच पोटाची चरबी भरूनही देतात, पण त्यातली काही विरते. स्तनाग्राला मुंग्या, बधिरपणा काही महिने असतो, कधी कायमचा राहतो.

आता घरचं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, निदान महिना ते दीड महिना. डॉक्टर हे सांगतात, पण आपल्या घरात याचा अर्थ काय होतो ते सांगत नाहीत. दोरीवर कपडे वाळत घालणं बंद. वरच्या फळीवरचा डबा बंद. कणिक मळणं बंद, भाकरी थापणं तर बंदच, छातीच्या स्नायूवर सगळा जोर येतो. नळाला पाणी आलं की हंडा उचलायला धावशील, तेही नाही. रोजच्या वापराचं सगळं कमरेच्या उंचीवर आधीच मांडून ठेव. पुढून उघडणारे गाऊन चार-पाच घे. कॉम्प्रेशन ब्रा रात्रंदिवस घालायची असते, तिच्या दोन घे, एक धुवायला. एप्रिल-मेमध्ये भुसावळच्या उन्हात ती ब्रा म्हणजे शिक्षा आहे, घामाने खालच्या घडीत पुरळ उठतो. जमलं तर थंडीत करून घे.

सासूबाईंना काय सांगायचं? खोटं सांगू नको, लांबणही लावू नको. 'छातीत जुनं ऑपरेशन झालं होतं, त्यातला भाग खराब झालाय, तो काढायचाय, कॅन्सर नाही.' एवढं सगळं खरं आहे. पुढचं तुझ्या मनावर. आणि कोणाचा विश्वास बसला नाही तर बायॉप्सीचा रिपोर्ट येईलच.

भरीत_पार्टी

अक्का, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा.

विमावाले

पैशाचं थोडं. आरोग्य विम्यात दिसण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपवाद: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठीचे वैद्यकीय उपचार. अक्कांसारख्या केसमध्ये दावा सरळ मांडता येतो. भुसावळकरीण ताईंच्या केसमध्ये कंपनी 'मूळ शस्त्रक्रिया कॉस्मेटिक होती' म्हणून नकार देऊ शकते, पण एमआरआय आणि सर्जनचं 'वैद्यकीय कारणासाठी आवश्यक' असं पत्र जोडून आधीच लेखी पूर्वपरवानगी मागावी. लिफ्टचा खर्च त्यात मिसळू नका, बिल वेगळं करून घ्या. आणि आधीची शस्त्रक्रिया लपवून दावा करू नका, पॉलिसीच धोक्यात येते.

कॉस्मेटिक शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी आहे. अंदाजपत्रक मागताना तो धरून मागा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी कळतो.

भुसावळकरीण

मंडळी, झालं! जरा उशिरा लिहितेय, टाइप करायलाही हात दुखत होते.

नाशिकला आदल्या दिवशी पोचलो. सर्जननी उभं करून छातीवर पेनाने खुणा केल्या. रात्रीनंतर खाणं बंद, पाणी भूलतज्ज्ञांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत. भुलीतून उठल्यावर दुखण्यापेक्षा मळमळ जास्त होती आणि घसा खवखवत होता. दुखणं म्हणाल तर, बसवताना स्नायू ताणला होता तेव्हाचं दुखणं कितीतरी जास्त होतं. सिस्टर म्हणाल्या तसंच झालं, डावीकडची कॅप्सूल जाड आणि चुना साठलेली होती, ती पूर्ण निघाली. उजवीकडचा बरगड्यांना चिकटलेला थोडा भाग मुद्दाम ठेवला. डॉक्टरांनी दोन्ही इम्प्लांट ट्रेमध्ये दाखवले. डावं पिवळट आणि चिकट झालं होतं. फोटो काढून घेतला, फाइलला लावला.

नळ्या घेऊनच घरी यायचं ठरलं होतं, पण पहिली ड्रेसिंग होईपर्यंत नाशिकलाच मावसबहिणीकडे राहिलो, ते बरं झालं. दुसऱ्या रात्री उजवी बाजू घट्ट वाटली म्हणून घाबरून फोन केला, लगेच बोलावून बघितलं, काही नव्हतं. पण अडीचशे किलोमीटरवरून ते कसं जमलं असतं? परगावी ऑपरेशन करणाऱ्यांनी पहिले दोन-तीन दिवस दवाखान्याजवळच राहावं असं माझं मत झालंय. परत येताना गाडीऐवजी रेल्वेने आलो, खालचा बर्थ, नळ्यांच्या डब्या गाऊनला आतून पिन करून वरून ओढणी. कोणाला काही कळलं नाही. शेजारच्या बाई उलट म्हणाल्या, 'दिवस गेलेत का?'

आरशाच्या बाबतीत अक्कांचं ऐकलं नाही, बघितलं आणि रडले. आता बरंच सुधारलंय. पूर्वीच्यापेक्षा छोटे, थोडे ओघळलेले, पण माझे. लिफ्ट तूर्त नाही. रिपोर्ट आला: जुनाट दाह, सिलिकॉनचे कण, कॅन्सर नाही.

सासूबाईंना अक्कांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग पोळ्यांना बाई लाव.' लावली.

ओटी_सिस्टर

छान झालं. मागून वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, कशासाठी थांबायचं नाही ते: एकच बाजू झपाट्याने फुगून टणक होणं, 100.4 च्या वर ताप, लाली पसरत जाणं, जखमेतून वास येणारं पाणी, पोटरीत दुखून सूज, किंवा दम लागणं. शेवटच्या दोन्हींत जवळच्या मोठ्या दवाखान्यात, सर्जनच्या फोनची वाट बघत बसायचं नाही.

चाळीसगाव_जंक्शन

उशिरा आले धाग्यावर. माझेही काढायचे ठरतंय. वय 43. नंतर मॅमोग्राफी करता येते का? आणि धाकट्या बहिणीचा प्रश्न, तिचे आहेत आणि तिला बाळ हवंय, आधी काढावेत का?

क्ष_किरण

मॅमोग्राफी करता येते, उलट सोपी होते. इम्प्लांट असताना ते मागे ढकलून जादा फोटो घ्यावे लागतात, ते लागणार नाहीत. ऑपरेशनआधी एकदा करून घ्या आणि नंतरची कधी करायची ते सर्जनना विचारा, सहसा काही महिने थांबायला सांगतात. व्रणाच्या जागी आणि चरबी भरली असेल तर तिथे गाठीसारख्या सावल्या दिसतात. त्यामुळे फॉर्मवर 'इम्प्लांट काढले आहेत' हे स्वतः लिहा आणि जुन्या फिल्म सोबत आणा.

बहिणीला काही त्रास नसेल तर केवळ स्तनपानासाठी काढायची गरज नाही, इम्प्लांट असलेल्या बऱ्याच आया दूध पाजतात. चिरा स्तनाग्राभोवती घेतला असेल तर दूध कमी येऊ शकतं, आणि तसं झालं असेल तर इम्प्लांट काढून ते परत येत नाही. तिच्या फाइलमध्ये चिरा कुठे होता ते आधी बघा.

चाळीसगाव_जंक्शन

धन्यवाद सर. फाइल तिच्याकडे आहे, बघून सांगते.